रविवारची राइड आणि डॉक्टर सायकलपटूंच्या गप्पा

सभासदांनो, नमस्कार.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानाच्या गेटपाशी जमायचंय. त्र्यंबक रोडने अंजनेरी फाटा, तिथेच चहा-पोहे आणि गप्पा.

विषय: 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत गाजवलेले डॉक्टर. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी (एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य) २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पार केली. अंतर सुमारे ४,८०० किमी, एकट्याला मुदत १२ दिवस. म्हणजे रोजचे ४०० किमी! झोपेला काय उरतं, हिशेब तुम्हीच करा. दवाखाना सांभाळून सराव कसा बसवायचा, यावर आपल्यातले डॉक्टर सभासद बोलतील. ओपीडीची सबब सांगणाऱ्यांनी तर जरूर यावं.

हेल्मेट नसेल तर राइड नाही. डॉक्टरांनाही सूट नाही. अंधार असेल, मागचा लाल दिवा चार्ज करून आणा. जादा ट्यूब ज्याची त्याने आणायची. पोह्यांचा आकडा सांगायचाय, तेव्हा शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका. नुसता अंगठा दाखवलेला धरला जाणार नाही.