दान्तेच्या नरकातील न्याय आणि करुणा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

या सत्रात एम.ए.च्या वर्गाला मध्ययुगीन इटालियन कवी दान्ते याचे ‘इन्फर्नो’, म्हणजे स्वतःच्या कल्पित नरकयात्रेचे काव्य, शिकवले आणि त्यातील शिक्षांवर विद्यार्थ्यांनी सादरीकरणे केली. तू वकिली करतोस, म्हणून मनात घोळणारा प्रश्न तुझ्यापुढेच मांडतो.

बहुतेकांनी तक्ते केले होते : एका बाजूला पाप, दुसऱ्या बाजूला शिक्षा. ढोंग्यांच्या अंगावर वरून सोनेरी पण आतून शिशाचे जड झगे, भविष्य सांगणाऱ्यांची तोंडे कायमची पाठीकडे वळलेली. ही जुळणी अचूक असली, तरी तेवढ्याने कविता हाती लागत नाही. एका विद्यार्थिनीने मात्र पाचव्या सर्गातील पावलो आणि फ्रान्चेस्का या प्रेमी युगुलाविषयी बोलताना मर्मावर बोट ठेवले. जिवंतपणी ज्या आवेगाच्या स्वाधीन ती दोघे झाली, तोच आता वादळ होऊन त्यांना अखंड भिरकावत आहे. म्हणजे शिक्षा बाहेरून लादलेली नसून ते कृत्यच न संपता चालू राहिले आहे, असे तिचे म्हणणे होते. मला ते पूर्णपणे पटले. अठ्ठाविसाव्या सर्गात बर्त्राँ द बोर्न हा कवी स्वतःचे तुटलेले मस्तक कंदिलासारखे हातात धरून चालतो आणि राजपुत्राला पित्याविरुद्ध चिथावून आपण जवळच्यांची ताटातूट केली, म्हणून आपलीही अशी ताटातूट झाली, हे स्वतःच सांगतो. या न्यायाचे तत्त्व दान्तेने न्यायाधीशाच्या नव्हे, तर दंडिताच्या तोंडी घातले आहे, याचे मला फार मोल वाटते.

पण तेरावा सर्ग आला आणि तक्ते अपुरे पडले. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा विश्वासू मंत्री प्येर देल्ला व्हिन्या याने द्रोहाच्या आरोपानंतर आत्महत्या केली. येथे तो काटेरी झाड झालेला आहे. फांदी मोडली की रक्त आणि शब्द एकत्रच बाहेर पडतात. अंतिम निवाड्याच्या दिवशीही त्याला देह परत मिळणार नाही, तो देह त्याच झाडावर लटकत राहील. आपण धन्याशी कधीही बेइमानी केली नाही, असे तो शपथेवर सांगतो, आणि दान्ते त्यावर अविश्वास दाखवत नाही. उलट करुणेने कंठ दाटल्यामुळे पुढचे प्रश्न तू विचार, असे तो या यात्रेतील आपला वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, याला विनवतो. ज्या कवीला 1302 साली फ्लॉरेन्सने भ्रष्टाचाराचा ठपका ठेवून हद्दपार केले आणि हाती लागल्यास जिवंत जाळण्याचे फर्मावले, त्याला आरोपाने उद्ध्वस्त झालेल्या माणसाचे दुःख परके कसे असेल? तरीही तो त्याला त्या रानातून सोडवत नाही.

पुढे विसाव्या सर्गात भविष्य सांगणाऱ्यांची ती दशा पाहून दान्ते रडतो, तेव्हा व्हर्जिल त्याला कठोरपणे फटकारतो. विद्यार्थ्यांपैकी काहींना हे फटकारणे योग्य वाटले, काहींना असह्य झाले. माझ्या मते, दान्तेने ते अश्रू काव्यातून गाळले नाहीत, यातच त्याचे मोठेपण आहे. निकाल मान्य असूनही दंडितासाठी मन कळवळते, असा अनुभव तुला न्यायालयात येतो का, आणि आला तर तू त्याचे काय करतोस, हे मला सविस्तर लिही.

तुझा,
माधव