नूतनीकरण अडते ते हजेरीपटावर

मा. संपादक,

ठेकेदारांच्या थकलेल्या बिलांच्या बातम्या येतात, त्या यायलाच हव्यात. पण बिल निघायच्या आधीच सरकारी कामांसाठीच्या ठेकेदार-नोंदणीची मुदत संपली आणि नूतनीकरण अडकले, की तो ठेकेदार पुढच्या निविदेलाही मुकतो. याची मात्र कुठे वाच्यता होत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान बांधकाम ठेकेदारांचे कागद पाहिले तर मुदतीची तारीख विसरल्याने अडलेली प्रकरणे थोडीच निघतात. बहुतेकांचे कागद वेळेत जातात, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत.

सगळ्यात मोठी भानगड हजेरीपट, पीएफचे ईसीआर (दरमहा भरायचे कामगारवार विवरण) आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, चलन यांची. समजा घणसोलीच्या साइटवर हजेरीला 16 नावे आहेत, ईएसआयमध्ये 12 आणि पीएफमध्ये 7. तपासणाऱ्याला हे पाहताच चोरी वाटते, पण दर वेळी ती चोरी नसते. रोज 900 रुपये घेणारा गवंडी 26 दिवस भरला की 23,400 वर जातो, म्हणजे ईएसआयच्या 21,000 च्या मर्यादेबाहेर. 700 रुपये रोजाचा बिगारी 18,200 वर येतो. तो ईएसआयमध्ये हवाच, पण पीएफची मर्यादा 15,000 ची असल्याने, तो आधी कधी पीएफचा सभासद नसेल तर बाहेर राहू शकतो. ‘आधी सभासद नव्हता’ हे दाखवणारा कागद म्हणजे त्याच्या सहीचा फॉर्म 11, म्हणजे पीएफसाठीचे कामगाराचे घोषणापत्र. तो नेमका कुणी भरून घेत नाही. दर महिन्याला अर्ध्या पानाचे तफावतपत्रक, त्यात नाव, रोज, भरलेले दिवस आणि बाहेर असण्याचे कारण, आणि मागे फॉर्म 11 एवढे लावले तर निम्मे आक्षेप टेबलावरच मिटतात.

उरलेले निम्मे खरोखर आपल्या हलगर्जीचे. यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफ क्रमांक, आधारशी जोडलेला नसेल तर त्या कामगाराचे ईसीआर भरताच येत नाही. 1 ऑगस्ट 2025 पासून नवा यूएएन सर्वसाधारणपणे उमंग अॅपवर चेहरा पडताळूनच निघतो. आधारवर एक नाव, जुन्या पीएफ खात्यावर दुसरेच, जन्मतारीख तिसरीकडचीच. मग मुकादम म्हणतो, ‘पुढच्या महिन्यात घालू.’ तोवर मजूर गावी गेलेला असतो आणि हजेरीपटावर त्याचे नाव तसेच राहते. कामावर घेतल्या दिवशीच, मजूर समोर असताना, आधार, मोबाइल आणि चेहरा ही तीन कामे उरकावीत. पीएफ आणि ईएसआय दोन्हींची मुदत पुढल्या महिन्याच्या 15 तारखेची. पेटी ठेकेदाराचे, म्हणजे आपल्या हाताखालच्या उपठेकेदाराचे, मजूर असतील तर त्याचे चलन हातात आल्याशिवाय त्याचे बिल सोडू नये. पैसे दिल्यावर चलन मागत फिरणे म्हणजे वरातीमागून घोडे.

जीएसटीत वेगळा घोळ. काम नाही, बिल नाही, म्हणून विवरणपत्रही नाही, असा समज फार आहे. शून्य व्यवहाराचे 3बी विवरणपत्र सुद्धा भरावेच लागते. मासिक विवरण भरणाऱ्याने सलग सहा महिने ते चुकवले तर जीएसटी नोंदणी रद्द होऊ शकते. तिमाहीवाल्याला सलग दोन चुका पुरतात. नूतनीकरणाच्या वेळी संकेतस्थळावर ‘रद्द’ दिसले की पुढचे सगळे थांबते. कळव्यातले ऑफिस ऐरोलीला नेले असेल तर पत्त्याचा बदल 15 दिवसांत कळवायचा असतो. तो न कळवल्याने ठेकेदाराच्या नोंदणीपत्रावर एक पत्ता, जीएसटीवर दुसरा आणि बँकेच्या ऐपतीच्या (सॉल्व्हन्सी) दाखल्यावर तिसरा अशी त्रेधा उडते.

उलाढालीचा सीए दाखला यूडीआयएनशिवाय, म्हणजे ऑनलाइन पडताळता येणाऱ्या क्रमांकाशिवाय, घेऊ नये. त्यातला आकडा प्राप्तिकराच्या 26एएस (कापलेल्या कराच्या विवरणा) आणि जीएसटीच्या आकड्यांशी ताडून पाहावा. कामासाठी मिळालेला आगाऊ पैसा एका ठिकाणी धरला, दुसरीकडे नाही, की फरक पडतो. काम पूर्णत्वाचा दाखला काम संपल्याबरोबर घ्यावा. कार्यकारी अभियंत्याची बदली झाली की नवा अधिकारी जुन्या मोजमाप पुस्तकावर सही करायला साहजिकच कचरतो. डिजिटल सही तीन वर्षांच्या पुढे चालत नाही. भागीदार बदलला असेल तर जुन्या भागीदाराच्या डिजिटल सहीचे टोकन निविदेच्या पोर्टलवरून आधी काढून नव्याचे नोंदवावे.

जाता जाता, वीसपेक्षा कमी माणसे असणाऱ्या दुकान-कार्यालयाला 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याने (2025 च्या दुरुस्तीनंतर) फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिचे दरवर्षी नूतनीकरण नसते. तरी ‘गुमास्ता नूतनीकरणा’चे पैसे एजंटला देणारे अजून आहेत!

आता कार्यालयांविषयी. आज एक त्रुटी कळवायची, ती पुरी केली की दुसरी काढायची, ही पद्धत ठेकेदाराच्या चुकीपेक्षा जास्त वेळ खाते. दरम्यान ऐपतीचा दाखला जुना होतो आणि तो पुन्हा काढावा लागतो. ठाणे महापालिका, नवी मुंबई महापालिका, सिडको आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी आपापली कागदांची यादी संकेतस्थळावर ठेवावी आणि प्रत्येक दाखला किती महिन्यांच्या आतला चालेल ते तिथेच लिहावे. त्रुटींचे पत्र एकदाच, सगळ्या त्रुटींसह द्यावे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे प्रतिज्ञापत्रांच्या नमुन्यांत 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याचा उल्लेख असेल तर तोही बदलून घ्यावा. तोपर्यंत ठेकेदारांनी मुदतीच्या चार महिने आधी फाइल उघडावी. सुरुवात मागच्या बारा महिन्यांच्या हजेरीपटापासून करावी, अर्जाच्या नमुन्यापासून नव्हे.

— बांधकाम ठेकेदारांचे लेखा-सल्लागार,
वागळे इस्टेट, ठाणे