पाहुणा कलाकार सत्कारापुरता नको

महोदय,

शाळेत कलाकार बोलावला की काय होते, ते ठरलेलेच असते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचे लांबलेले मनोगत आणि उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत ‘प्रात्यक्षिक’. मुले टाळ्या वाजवतात, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि पुढची तासिका गणिताची सुरू होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मात्र वेगळेच लिहिले आहे. प्रत्येक शाळेत किंवा शाळा संकुलात निवासी कलाकार (म्हणजे काही काळ तिथेच राहून मुलांना कला दाखवणारा कलावंत) असावा, उत्तम स्थानिक कलावंत आणि कारागीर यांना शिकवण्यासाठी घ्यावे, असे ते धोरण सांगते. म्हणजे कलावंताला सत्कारापुरता न बोलावता काही दिवस शिकवू द्यावे, ही माझी मागणी नवी नाही.

माझी नोकरी कुडाळ तालुक्यात झाली. जवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी सांभाळली आहे; तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथी म्हणजे नुसती चित्रे नव्हेत. पोथीतले एकेक चित्र पुढे धरत वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातले आख्यान गायचे असते. गाताना कुठे थांबायचे, पुढचे चित्र नेमके कधी काढायचे, हे लांबून बघून येत नाही. शेजारी बसावे लागते, तेही रोज.

इंटरमिजिएट ही चित्रकलेची परीक्षा देणारी आमची मुले स्थिरचित्रातला छायाप्रकाश घोटून आलेली असतात. त्यांच्यासमोर चित्रकथीतला बाजूने दिसणारा चेहरा, त्यात हा एवढा मोठा डोळा आणि ठसठशीत रेषा आली की पहिला प्रश्न येतो, ‘सर, हे चूक कसं नाही?’ कलाशिक्षक त्याचे उत्तर पुस्तकातून देऊ शकतो. ज्याच्या घरात ती रेषा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तो मुलाच्या हातात ब्रश देऊन उत्तर देतो. त्याला निदान आठवडा हवा, आणि समोर तीसेक मुले, अख्खी शाळा नव्हे.

वेळापत्रकाचेही तसेच. दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याची मंडळे दिवाळीनंतर जत्रांत गुंततात आणि आम्ही त्या कलावंतांना बोलावतो ते नेमके स्नेहसंमेलनाच्या दिवसांत. पावसाळ्यात ते त्या मानाने मोकळे असतात, शाळाही भरलेली असते. ठरलेली संहिता हातात नसताना रंगमंचावर संवाद कसे उभे राहतात, हे नववीच्या मुलांना जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्याकडून निवांत शिकता येईल.

एक धोका आहे. ‘पाहुणा येतोच आहे, मग कलाशिक्षकाचे पद कशाला भरायचे?’ असा हिशेब कोणीतरी मांडणारच. शिक्षण हक्क कायद्यानुसार शंभरापेक्षा जास्त पट असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) द्यावाच लागतो. पाहुणा निघून गेल्यावर मुलांचा सराव चालू ठेवणारा माणूस शाळेत नसेल, तर तो आठवडाही वायाच जाणार.

राहिला पैशाचा प्रश्न. कलावंताला श्रीफळावर बोळवण्याची सवय आपण सोडली पाहिजे. चार-पाच शाळांनी मिळून एक कलावंत बोलावला, तर खर्च आवाक्यात राहील. शिक्षण विभागाने याबाबत परिपत्रक काढलेच, तर मानधन किती, ते कोणत्या लेखाशीर्षातून आणि किती दिवसांत मिळेल, हेही त्यातच लिहावे. नाहीतर मुख्याध्यापक पुन्हा पालकांकडून वर्गणी काढतील.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग