नौकेवरचे सुटे सामान

हर्णै,
१४ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नौकेवर कोणते सुटे सामान जादा ठेवावे, असे विचारणारे तुझे पत्र आणि सोबतची चार पानी यादी परवा मिळाली. सध्या पावसाळ्यातली मासेमारीची बंदी असल्यामुळे आमची नौका आंजर्ल्याच्या खाडीत झापांनी शाकारून ठेवली आहे आणि मला वेळच वेळ आहे, त्यामुळे उत्तर लांबणार हे गृहीत धर. यादी दुकानदाराने करून दिली असावी हे मला पहिल्याच पानावर ओळखू आले. तिच्यात बॅटरी भरणारा जादा अल्टरनेटर आहे, नौका पुढे ढकलणारा जादा पंखा आहे, गिअरबॉक्सच्या प्लेटी आहेत. पण डिझेलच्या नळीच्या बोल्टाखाली बसणारे तांब्याचे वायसर, म्हणजे चकत्या, कुठेही नाहीत. हे सगळे सामान तू नौकेवर चढवलेस, तर बर्फाला आणि मासळीला जागा कुठे ठेवणार आहेस, ते मला कळव.

चेष्टा सोडतो आणि माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो, कारण सुट्या सामानाविषयी माझे जे काही मत बनले आहे, ते त्या एका दिवशी बनले. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही हर्णैच्या पश्चिमेला सुमारे १८ सागरी मैलांवर, म्हणजे किनाऱ्यापासून ३३ किलोमीटर दूर, जाळे ओढत होतो. स्वयंपाक करणारा पोरगा भाताचे पातेले धुवायला कडेला वाकला आणि म्हणाला, "शेठ, धार बंद आहे." इंजिन थंड ठेवणारे खारे पाणी ज्या भोकातून बाहेर पडते, तिथे नुसती वाफ येत होती. इंजिन तात्काळ बंद केले. खाऱ्या पाण्याच्या पंपाचे झाकण उघडले, तेव्हा आतल्या रबरी इंपेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या, तीन पात्या मुळापासून तुटलेल्या दिसल्या. मी निर्धास्त होतो, कारण पेटीत नवाकोरा इंपेलर होता. तो काढला, तळहातावर जुन्याशेजारी ठेवला, आणि माझे तोंड उतरले. बाहेरचा घेर अगदी तोच होता, पण मधले भोक वेगळे होते. दोन वर्षांपूर्वी मी पंप बदलला होता आणि पेटीतला इंपेलर जुन्या पंपाचा होता. नवा इंपेलर जवळ असूनही माझ्या उपयोगाचा नव्हता.

मग घरी आलो कसे? डेक धुण्यासाठी पट्ट्यावर चालणारा जो साधा पंप असतो, त्याची नळी काढून आम्ही ती इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या तोंडाला जोडली. तोंड लहान आणि नळी मोठी, म्हणून मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेटोळे घातले आणि दोन्ही बाजूंनी होज क्लिपा आवळल्या. पाणी गळत होते, पण इंजिनापर्यंत पोहोचतही होते. इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर ठेवून आम्ही सहा तासांहून अधिक वेळात सुवर्णदुर्गाच्या आडोशाला आलो. तोवर संध्याकाळचा लिलाव संपून पुळण रिकामी झाली होती, आणि आमची मासळी दुसऱ्या दिवशी शिळ्या भावाने गेली. मला त्या दिवशी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लिपा यांनी घरी आणले. पैसे मोजून घेतलेल्या सुट्या भागाने नव्हे.

म्हणून तुझ्या यादीवर मी प्रत्येक वस्तूसमोर एकच प्रश्न लिहिला आहे: ही वस्तू बिघडली, तर नौका स्वतःच्या बळावर बंदरात येऊ शकेल का? येत असेल, तर तिचा जोडीदार घरी राहू दे. अल्टरनेटर बंद पडला, तरी डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की चालत राहते. फक्त ते बंद करू नये आणि बॅटरी वायरलेससाठी राखून ठेवावी. पंखा तर समुद्रात बदलता येतच नाही. त्यासाठी नौका ओढून वर घ्यावी लागते, मग तो लोखंडाएवढा जड माल वर्षभर तळाशी घेऊन कशाला हिंडायचे? देवगडला तुझ्या वखारीत असू दे. गिअरबॉक्सच्या प्लेटींचेही तेच. हेलकावणाऱ्या नौकेत गिअरबॉक्स उघडून बसणारा मेकॅनिक मला अजून भेटलेला नाही.

जी वस्तू बिघडली तर नौका जागीच राहते, ती मात्र एक नव्हे, निदान दोन ठेव. यात पहिला मान डिझेलच्या फिल्टरचा. हे नीट समजून घे, कारण यात एक खोच आहे. टाकीच्या तळाशी गाळ आणि पाणी बसलेले असते आणि समुद्र शांत असेपर्यंत ते तिथेच पडून राहते. वारा सुटला, नौका आडवी हलू लागली, की तो सगळा गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणजे इंजिन नेमके अशा वेळी बंद पडते, जेव्हा ते चालू असण्याची सर्वांत जास्त गरज असते. तेव्हा फिल्टर किमान चार ठेव, आणि त्यांच्याबरोबर रबरी रिंगा व ते तांब्याचे वायसरही. फिल्टर बदलल्यावर नळीतली हवा काढावी लागते. हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने मारत राहायचे, फेस येणे थांबून निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा. जुना वायसर दाबून चपटा झालेला असला, तर तिथूनच पुन्हा हवा शिरते आणि तू तासभर दांडी मारत बसतोस. हे वायसर मुठीत मावतात आणि त्यांची किंमत चहाच्या दोन फेऱ्यांएवढी असते, म्हणूनच दुकानदाराला त्यांची आठवण होत नाही.

इंजेक्टरला जाणाऱ्या जाड नळ्यांविषयी तू वेगळे विचारले आहेस. तुझ्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला अशा सहा नळ्या आहेत आणि प्रत्येकीचा बाक निराळा आहे, तेव्हा सहाही जादा ठेवायच्या म्हणजे खर्चच आहे. एखादी नळी चिरली, तर तिचे पंपाकडचे तोंड कधीही बंद करू नकोस, दाबाने पंपाचेच नुकसान होईल. त्या तोंडातून येणारे डिझेल डब्यात उतरू दे आणि उरलेल्या पाच सिलिंडरांवर हळूहळू घरी ये. डबा भरला की टाकीत ओतायचा. इंजिन थरथरेल, पण चालेल.

पट्ट्याच्या बाबतीत एक गोष्ट मी पस्तावून शिकलो. आपल्याकडे जाळे ओढणारा विंच चालवण्यासाठी इंजिनाच्या पुढच्या तोंडालाच शाफ्ट जोडलेला असतो. त्यामुळे पट्टा तुटला, तर नवा पट्टा घालण्यापूर्वी तो शाफ्ट खोलावा लागतो. बंदी संपण्यापूर्वी, इंजिन तसेही उघडे असताना, एक जादा पट्टा त्या शाफ्टमधून आधीच ओवून घे आणि फिरत्या भागाला लागणार नाही असा, तारेने नव्हे तर सुतळीने, वर बांधून ठेव. तुटायची वेळ आली की सुतळी कापायची आणि पट्टा चढवायचा.

पंख्याचा शाफ्ट नौकेबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडसाठी पॅकिंगची दोरी ठेव, आणि तिचे तुकडे योग्य मापाने कापून ठेव, म्हणजे पाणी आत येत असताना माप घेत बसावे लागणार नाही. सुकाणूसाठी साखळीच्या दोन-तीन कड्या, आणि साखळीच गेली तर सुकाणूच्या माथ्यावर थेट बसेल असा लोखंडी हातदांडा. तो या बंदीतच एकदा बसवून पाहा. पंख्यात जाळे किंवा दोर अडकणे हा तर ट्रॉलरवाल्याच्या नशिबीच लिहिलेला प्रकार. त्यासाठी धारदार सुरा, करवतीची पाती, पाण्याखाली बघायचा चष्मा आणि पोहणाऱ्याच्या कमरेला बांधायचा दोर, एवढे हाताशी असावे. जाळ्याचे सामान तुझ्या तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या म्होरक्याला, तुझ्यापेक्षा अधिक कळते, त्यात तू पडू नकोस.

आता नांगर. हा सुटा भाग आहे असे कोणी म्हणत नाही, पण इंजिन बंद पडलेल्या नौकेचा ब्रेक तोच असतो. २००९ च्या ११ नोव्हेंबरला फयान चक्रीवादळ आले, तेव्हा मी काकांच्या नौकेवर खलाशी होतो. आम्ही जयगडच्या खाडीत शिरून नांगर टाकला होता, आणि तिथे आडोशाला असूनही एका नांगरावर नौका थांबेना. दुसरा टाकला तेव्हा ती उभी राहिली. त्या दिवशी बाहेर राहिलेल्यांचे काय झाले, ते आपल्या किनाऱ्याला ठाऊक आहे. दुसरा नांगर आणि त्याचा स्वतंत्र दोर हवाच. दोर मोजताना पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट धर. २० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात १०० वाव दोर लागतो, आणि तू यादीत लिहिलेला दोर त्याच्या निम्म्याने आहे.

विजेच्या सामानात फ्यूज, दिव्यांचे बल्ब आणि वायर पुरे. मात्र वायरलेससाठी वेगळी बॅटरी, इंजिनापासून दूर आणि उंचावर बसवलेली असावी. आत पाणी शिरले की खालच्या बॅटऱ्या आधी जातात, आणि १६ नंबरच्या चॅनेलवर मदतीची हाक मारायची वेळही नेमकी तेव्हाच येते. जीपीएस कितीही चांगला असला, तरी होकायंत्र काढून टाकू नकोस.

सामान निवडण्याइतकेच ते कसे ठेवावे यालाही महत्त्व आहे. खाऱ्या हवेत बेअरिंग खोक्यातल्या खोक्यात गंजते आणि रबर कडक होते. मी आता फिरकीच्या झाकणाचे निळे पीप वापरतो. लोखंडी वस्तूंना ग्रीस फासून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, त्यावर कशाचे सामान ते मराठीत लिहिलेले असते, कारण रात्री बॅटरीच्या उजेडात ते शोधणारा मीच असेन असे नाही. आणि सर्वांत मोठा बदल मी असा केला आहे की, नवीन घेतलेला भाग पेटीत ठेवतच नाही. नवा भाग इंजिनाला बसवतो आणि काढलेला, चालता, जुना भाग पेटीत ठेवतो. त्यामुळे दोन गोष्टी आपोआप सिद्ध होतात: नवा भाग बसतो हे बंदरातच कळते आणि पेटीतला भाग चालतो हे आधीच ठाऊक असते. माझ्या भाच्याला हे चिक्कूपणाचे वाटते. वाटू दे.

बसवणारा हातही तयार असावा लागतो. तुझ्या चार-पाच दिवसांच्या फेरीत तू आजारी पडलास, तर फिल्टर कोण बदलणार? हातपाना, रिंगपाने, क्लिपा आणि बाइंडिंग वायर कुठे आहेत, हे निदान दोघांना माहीत असू दे, आणि त्या दोघांकडून इंपेलर एकदा काढून-घालून घे. काढलेल्या इंपेलरच्या पात्या मोजायला त्यांना शिकव. आमच्या तुटलेल्या तीन पात्यांपैकी दोन पंपातच सापडल्या. तिसरी पाणी थंड करणाऱ्या नळ्यांच्या तोंडात अडकली होती, आणि ती काढली नसती तर नव्या इंपेलरनेही इंजिन तापतच राहिले असते. मी त्या तिन्ही ताटात मांडून, मोडक्या बांगडीसारख्या जुळवून पाहिल्या, तेव्हाच समाधान झाले.

यादी परत पाठवत आहे. लाल पेन्सिलीने काट मारलेले वखारीत, हिरवी खूण केलेले नौकेवर. जिथे काहीच खूण नाही, तिथे तुझ्या तांडेलाचे मत घे. तुझ्या खाऱ्या पाण्याच्या पंपावर एक लहान पाटी आहे. ती घासून तिच्यावरचा नंबर मला कळव. पुढच्या आठवड्यात मी रत्नागिरीला जाणार आहे, तेव्हा दोन इंपेलर घेईन. १ ऑगस्टच्या आधी देवगडच्या गाडीने ते तुझ्याकडे पोहोचतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हर्णैचा मित्र