तारे जन्मतात ते थंडीत

महोदय,

रविवारच्या पुरवणीत गच्च ताऱ्यांमधल्या एका काळ्या डागाचा फोटो छापून खाली ‘आकाशातील भोक’ असं लिहिलंत. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेललाही असे डाग पाहून तसंच वाटलं होतं, पण ती अठराव्या शतकातली गोष्ट! फोटोतला डाग म्हणजे भुजंगधारी तारकासमूहातला बार्नार्ड ६८ हा वायू आणि धुळीचा ढग. रुंदी साधारण अर्धा प्रकाशवर्ष, वस्तुमान दोनेक सूर्यांएवढं. त्यात धूळ वजनाने शंभरात एक भाग, पण मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवायला तेवढी पुरते. मी ठाण्यातच क्ष-किरण विभागात नोकरी केली. डोळ्यांना न दिसणारं वेगळ्या किरणांनी दिसतं, हे मला कुणी समजावायला नको. चिलीतल्या ला सिया वेधशाळेने हाच ढग अवरक्त किरणांत टिपला, तेव्हा मागचे तारे आरपार दिसले. तो फोटो शेजारी छापायचा होतात.

माझा खरा आक्षेप मात्र ‘तारे प्रचंड उष्णतेतून जन्मतात’ या वाक्यावर आहे. अशा ढगांच्या पोटात तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि तारा घडतो तो त्या थंडीमुळेच. वायू तापलेला असला की त्याचा दाब बाहेर रेटतो, गुरुत्वाकर्षणाचं काही चालत नाही. इथे धूळ बाहेरचा उजेड आत येऊ देत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडचे रेणू आतली उष्णता रेडिओ लहरींवाटे बाहेर टाकत राहतात. वायू निवतो, दाब कमी पडतो, गाभा स्वतःच्याच वजनाने आत कोसळू लागतो. तापतो तो त्यानंतर. सूर्यासारख्या ताऱ्यात हायड्रोजनचं हेलियम होणं नीट सुरू व्हायला पुढे काही कोटी वर्षं जातात.

या छोट्या ढगांत तारे घडत असावेत, असं बार्ट बॉक आणि एडिथ रायली या खगोलशास्त्रज्ञांनी १९४७ सालीच मांडलं होतं. भक्कम पुरावा मिळायला १९९० उजाडलं.

बार्नार्ड ६८ मध्ये अजून तारा नाही. बार्नार्ड ३३५ मध्ये आहे, अगदी तान्हा, दोन्ही बाजूंना वायूचे झोत सोडणारा. हा ढग गरुड समूहात, श्रवण ताऱ्याजवळ. ऑक्टोबरात पाऊस सरला की संध्याकाळी श्रवण आमच्या नौपाड्याच्या गच्चीवरूनही डोक्यावर दिसतो. ढग दिसणं शक्यच नाही (एवढ्या दिव्यांत कसला दिसतोय!), पण नातवंडांना जागा तरी दाखवता येते. तेवढा नकाशा पुढच्या पुरवणीत छापा. जागा नसेल तर राशिभविष्याचा चौकोन थोडा आखूड करा.

– एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, नौपाडा, ठाणे