सूचना : ट्रेकसाठी नवी सॅक घेण्याआधी

सर्व सदस्यांना नमस्कार. नवी सॅक घेणाऱ्यांनी आधी पाठीचं माप घ्यावं. मान झुकवल्यावर तिच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. फक्त उंची पाहून सॅक निवडू नका. एका दिवसाच्या ट्रेकला २० ते ३० लिटर मापाची सॅक पुरते, एक-दोन मुक्कामांना ४० ते ५० लिटरची.

दुकानात सॅकमध्ये वजन भरूनच पाठीवर घ्या. आधी कमरेचा पट्टा आवळा, मग खांद्यांचे. बहुतेक भार कमरेवर यायला हवा; खांदे ओढले जात असतील तर ती सॅक कितीही आवडली तरी घेऊ नका. रेनकव्हर असलं तरी कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच.

कुणाकडे जादा सॅक असेल तर कळवा, नव्या सदस्यांना वापरून पाहता येईल.