दहा मिनिटांत प्रदक्षिणा होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला खासगी अवकाश कंपन्यांवरचा लेख वाचला. लेखापेक्षा त्यातल्या चौकटीचाच मला जास्त त्रास झाला. ‘पृथ्वीप्रदक्षिणा करणारे भारतीय’ म्हणून राकेश शर्मा, शुभांशू शुक्ला आणि गोपी थोटाकुरा ही तीन नावं आपण एका ओळीत छापलीत. शर्मा १९८४ मध्ये जवळजवळ आठ दिवस कक्षेत होते. शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर अठरा दिवस राहिले. थोटाकुरा १९ मे २०२४ ला ब्लू ओरिजिन या अमेरिकी खासगी कंपनीच्या ‘न्यू शेपर्ड’ यानातून शंभर किलोमीटरच्या वर गेले आणि दहाएक मिनिटांत टेक्सासमध्येच पॅराशूटनं उतरले. त्यांचं कौतुक आहेच. पण अवकाश स्थानकालासुद्धा एका फेरीला दीड तास लागतो. दहा मिनिटांत कसली प्रदक्षिणा?

एवढ्याशा चुकीवर पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. म्हणून घरातली गोष्ट सांगते. माझी नात आठवीत आहे. गेल्या विज्ञान दिनाला शाळेत प्रश्नमंजूषा होती. प्रश्न असा : २०२१ मध्ये जेफ बेझोस यांनी पृथ्वीभोवती किती प्रदक्षिणा घातल्या? पोरीनं लिहिलं, ‘एकही नाही, ते वर जाऊन खाली आले.’ त्यावर लाल पेनानं फुली आणि बाजूला ‘१’. एका गुणानं तिचा दुसरा नंबर हुकला. मी कागद घेऊन शाळेत गेले. तिथल्या बाईंनी कपाटातून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कात्रण काढलं आणि म्हणाल्या, ‘‘बाई, छापून आलंय हे. मी काय मनानं उत्तर ठरवलं का?’’ कात्रण आपल्याच वृत्तपत्राचं होतं. त्यापुढं काय बोलणार? छत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले की वर्तमानपत्र वाचत जा. परतताना रिक्षात नात विचारते, ‘‘आजी, मी चुकले का गं?’’

ब्लू ओरिजिनचे मालक बेझोस गेले तेही ‘न्यू शेपर्ड’मधूनच, आणि त्या यानाच्या नावातच उत्तर आहे. १२ एप्रिल १९६१ ला सोव्हिएत अंतराळवीर युरी गागारिन पृथ्वीला फेरी घालून आले. ५ मे १९६१ ला अमेरिकेचे अ‍ॅलन शेपर्ड पंधरा मिनिटांत वर जाऊन समुद्रात उतरले. ‘न्यू शेपर्ड’ हे नाव त्या शेपर्डांचं आहे, कारण उड्डाणाची जात तीच. उपकक्षीय, म्हणजे कक्षेत न जाता वर जाऊन परत येणारं.

लहानपणी ज्वारीत पाखरं आली की आम्ही माळ्यावर उभं राहून गोफण चालवायचो. गुंडा सरळ वर गेला, तर कितीही उंच जावो, आपल्याच रानात पडायचा. कक्षेत राहायचं तर तो आडवा एवढ्या जोरानं सुटला पाहिजे की तो पडत असताना खालची जमीनही तेवढीच वळत जाईल. त्याला ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेग लागतो. न्यू शेपर्डचा वेग त्याच्या साधारण आठव्या हिश्श्याइतका. वेग आठपट म्हणजे ऊर्जा चौसष्टपट. फरक नुसत्या उंचीचा नाही. शंभर किलोमीटर म्हणजे सोलापूरहून इंदापूरही येत नाही, आणि तिथं गुरुत्वाकर्षण जेमतेम तीन टक्क्यांनी कमी होतं. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ हे आपल्या लेखातलं वाक्यही म्हणून चूक आहे. यान आणि माणसं एकत्र पडत असतात, म्हणून ती तरंगतात.

याच गैरसमजातून आपल्या माणसांवर अन्याय होतो. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोटाहून उडालं, ८९.५ किलोमीटरवर गेलं आणि ठरल्याप्रमाणे बंगालच्या उपसागरात पडलं. ते कक्षेत जाण्यासाठी नव्हतंच. देशातल्या खासगी कंपनीचं ते पहिलं रॉकेट, यंत्रणा तपासायला सोडलेलं. १९६३ मध्ये थुंबाहून आपलं पहिलं अग्निबाण उड्डाण झालं, तेही उपकक्षीयच. विक्रम-एसबद्दल आपण लिहिता, ‘रॉकेट समुद्रात कोसळले’. वाचणाऱ्याला वाटणार, फसलं. ज्या तरुणांनी वर्षानुवर्षं खपून ते उडवलं, त्यांना काय वाटत असेल?

आणखी एक. शनिवारचा मुलांचा विज्ञानाचा कोपरा आपण बंद केलात आणि तिथं क्लासच्या जाहिराती घेतल्या. तो कोपरा असता तर अशी चूक तिथंच कुणीतरी पकडली असती. तो पुन्हा सुरू करा.

आणि दुरुस्ती आतल्या पानावर तळाला, भिंगानं वाचावी लागेल अशी छापू नका. पुरवणीत त्याच जागी, तेवढीच चौकट द्या. नातीला तो गुण आता नको आहे. त्या दुरुस्तीचं कात्रण मात्र मी तिच्या हाती शाळेत पाठवणार आहे, बाईंच्या कपाटातल्या पुठ्ठ्यावर चिकटवायला.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, जुळे सोलापूर